आधी म्यान, मग सुरी

गळ्यात घालायची छोटी सुरी घडवायला बसलेला कारागीर बहुधा पात्यापासून सुरुवात करतो. पाते केवढे असावे, पोलाद कोणते घ्यावे, टोक किती निमुळते ठेवावे, हे आधी ठरते. कागदावर पहिली रेघ पात्याची उमटते, मग मूठ येते, आणि सगळे झाल्यावर हिला आता एक म्यान करू, असा विचार होतो. इतर सुऱ्यांना हा क्रम चालतो. गळ्यातल्या सुरीसाठी तो उलटा करावा लागतो. आधी दोरी, मग म्यान, मग मूठ आणि सर्वांत शेवटी पाते, असे गेले तरच हाती उपयोगाची वस्तू येते. कापणे हे सुरीचे काम असताना कापणाऱ्या भागाला शेवटचे स्थान का, असे कोणीही विचारील. म्हणून हे म्हणणे सावकाश उलगडून पाहू.

उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. स्वयंपाकघरातली सुरी ओट्यावर असते. हातात आली की काम, काम संपले की धुऊन पुन्हा जागेवर. तिचा आणि शरीराचा संबंध फक्त तळहातापुरता. गळ्यातली सुरी दिवसातले दहा-बारा तास अंगावर असते आणि त्यातली जेमतेम काही मिनिटे कापते. उरलेला सारा वेळ ती नुसती लटकत असते. माणूस वाकतो, चढतो, बसतो, घामेजतो, कुणाला मिठी मारतो, आणि हे सगळे होत असताना एक धारदार वस्तू त्याच्या छातीवर, गळ्यापासून वीतभर अंतरावर असते. कापण्याच्या मिनिटांसाठी सुरी घडवणे सोपे आहे. लटकण्याच्या तासांसाठी ती घडवणे हेच खरे काम आहे.

आता ही वस्तू नेमकी कशी असते ते पाहू. पाते साधारण पाच ते आठ सेंटिमीटरचे, मुठीसह लांबी बारा ते सतरा सेंटिमीटर, वजन म्यान धरून शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. पाते मिटणारे नसते, एकसंध असते. त्यामुळे सांध्यात माती किंवा माशाचे खवले अडकत नाहीत, एका हाताने काम होते आणि धुणे सोपे जाते. म्यानाच्या टोकाकडच्या बाजूला भोके असतात, त्यांतून दोरी जाते आणि म्यान उलटे लटकते. म्हणजे मूठ खाली बेंबीकडे आणि पात्याचे टोक वर हनुवटीकडे. हात छातीवर जातो, मूठ धरतो, खाली ओढतो, सुरी मोकळी होते.

माणसाला सुरी गळ्यातच का अडकवावीशी वाटली? आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या गोठलेल्या माणसाजवळ चकमकीच्या दगडाची छोटी सुरी होती. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ धरून तिची लांबी जेमतेम तेरा सेंटिमीटर, आणि तिला लिंडेन झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेले म्यान होते. आकाराने ती आजच्या गळ्यातल्या सुरीच्या घरातलीच, पण तिच्या म्यानाला कातड्याची अडकवणी होती, ती कमरपट्ट्यासाठी. कमर ही हत्याराची नैसर्गिक जागा आहे. तिथे हात सहज पोचतो, वजन जाणवत नाही, आणि टोक खाली राहते. सुरी कमर सोडून दुसरीकडे जाते ती कमर मोकळी नसली की. पाठीवरच्या सॅकचा रुंद पट्टा कमरेवर आवळलेला असतो, कयाकमध्ये बसलेल्या माणसाची कमर झाकलेली असते, नदीत उभे राहून गळ टाकणारा छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालतो, कित्येक कपड्यांना कमरपट्टाच नसतो. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या डोंगरिया कोंध बायका छोटी सुरी केसांत खोचतात. आपल्याकडच्या बायकांच्या साड्यांना खिसा नाही, म्हणून सेफ्टी पिन मंगळसूत्रात किंवा बांगडीत अडकवलेली असते. अवजार अंगावर कुठे राहील हे काम आणि कपडा मिळून ठरवतात.

आणि काम ठरवते तेव्हा गळा बादही होतो. कोकणातला आणि गोव्यातला माडावर चढणारा माणूस कोयती कमरेच्या मागे, आकड्यात अडकवतो. त्याची छाती चढताना खोडाला घासत असते. पुढे काही लटकत असेल तर ते खोड आणि बरगड्या यांच्यामध्ये सापडेल. म्हणून कोयती पाठीमागे, पाते खाली. ज्याचे काम छातीने होते त्याने गळ्यात काही घालू नये, हा नियम माडाच्या खोडावर आपोआप सिद्ध झालेला आहे. गळ्यातली सुरी करायची की नाही, हा पहिला प्रश्न इथेच विचारायला हवा. पुष्कळ लोक तो न विचारता पात्याच्या आकारावर तासन् तास बोलतात.

शिडांच्या जहाजावरचा खलाशी हे गळ्याच्या बाजूचे सर्वांत पटणारे उदाहरण. डोलकाठीवर उंच चढायचे, एक हात जहाजासाठी आणि एक स्वतःसाठी, वारा सुटलेला, आणि दोर कापायचा. सुरी हातातून सुटली तर ती खाली डेकवरच्या माणसाच्या डोक्यात जाणार. म्हणून सुरी दोरीने गळ्याला बांधलेली असे. ब्रिटिश नौसैनिकांच्या गणवेशातली गळ्याभोवतीची पांढरी दोरी मुळात या सुरीसाठीच होती. पुढे सुरी गेली, दोरी शोभेपुरती राहिली. इथे दोरीचे काम दुहेरी होते. ती सुरी बाळगायची आणि सुरीला पडूही द्यायची नाही. त्या सुरीचे पातेही तसेच होते, सरळ धार आणि बोथट, खाली वळलेले नाक. हलत्या जहाजावर टोकदार पाते शिडात किंवा शेजाऱ्यात घुसते, आणि दोर कापायला टोक लागतच नाही. जागा आणि परिस्थिती आधी ठरली, पाते त्यांच्या मागून आले.

उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सभोवतालच्या मूळ जमातींनी वेगळी वाट काढली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली त्यांची गळ्यातली म्याने आज संग्रहालयांत आहेत. काळ्या रंगवलेल्या हरणाच्या कातड्यावर साळिंदराच्या काट्यांची रंगीत नक्षी, वर रुंद होत जाणारे तोंड आणि गळ्यात घालायचा पट्टा. सुरी त्यात इतकी खोल बसते की मुठीचा थोडाच भाग बाहेर दिसावा. त्या म्यानाचे तोंड वर आहे. गुरुत्वाकर्षण सुरीला आत ढकलते, त्यामुळे ती धरून ठेवायला म्यानाला काहीही करावे लागत नाही. मला ही रचना फार आवडते, कारण तिच्यात अडचणीशी झगडा नाही, अडचण उभीच राहू दिलेली नाही. पण तिची किंमत आहे. सुरी काढताना हात वर, चेहऱ्याकडे जातो. पाते लांब असेल तर कोपर उंच करावे लागते, आणि धार हनुवटीसमोरून फिरते. छातीवर पुढे खुली असलेल्या, सावकाश काढायच्या सुरीला हे चालते. शर्टाच्या आत, सॅकच्या पट्ट्यांच्या मधे असलेल्या सुरीला चालत नाही.

म्हणून आजची रचना उलटी आहे, आणि उलटी केल्याबरोबर सगळा भार म्यानावर येतो. तोंड खाली असलेल्या म्यानातून सुरी दिवसभर, प्रत्येक क्षणी पडू पाहत असते. पायऱ्या उतरताना, पळताना, वाकून बुटाची नाडी बांधताना प्रत्येक हिसका तिला बाहेर ओढतो. म्यान सुरीला झाकते एवढे इथे पुरत नाही. त्याने तिला पकडून ठेवले पाहिजे आणि मागितल्याबरोबर सोडलेही पाहिजे. ही दोन्ही कामे परस्परविरोधी आहेत. घट्ट पकडणारे म्यान झटक्याने सुटते, आणि झटका म्हणजे हातावरचा ताबा गेला. सैल म्यान हळुवार सुटते, पण नको तेव्हाही सुटते. गळ्यातल्या सुरीच्या रचनेतले खरे कौशल्य या दोन टोकांमधली जागा शोधण्यात आहे.

चामडे ही जागा काही काळ देते आणि मग हिरावून घेते. नवे चामडे मुठीभोवती ओले करून बसवले की छान पकडते. पण छातीवर ते रोज घाम पिते, मऊ पडते, ताणते. ओल आत साठते आणि पाते गंजते. पावसाळ्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या कार्बनी पोलादाच्या सुरीवर दोन-चार दिवसांत तांबूस ठिपके दिसू लागतात. चामड्याला बटणाची पट्टी लावून पकड वाढवता येते, मात्र पट्टी उघडायला एक जादा हालचाल लागते आणि कापलेली पट्टी बदलावी लागते. तरी चामडे अंगाला मऊ आहे, आवाज करत नाही, आणि कित्येकांना त्याच गुणासाठी हवे असते.

या प्रश्नाला आज सर्वाधिक वापरले जाणारे उत्तर म्हणजे कायडेक्स. अॅक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचे हे प्लॅस्टिक १९६०च्या दशकात विमानांच्या आतल्या भागांसाठी तयार झाले. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तक्ता साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसला तापवला की ताज्या पापडासारखा लवचिक होतो. तो सुरीभोवती गुंडाळून फोमच्या दोन गाद्यांमध्ये दाबून धरायचा, थंड होईपर्यंत थांबायचे. सुरीचा प्रत्येक उंचवटा त्यात छापला जातो. तापवताना खोलीत वारा खेळता हवा, कारण जास्त तापले तर पीव्हीसीतून घातक वायू निघतो. मूठ आणि पाते जिथे जुळतात तिथे बोटासाठी एक खाच असते. त्या खाचेत कायडेक्सचा उंचवटा बसला की सुरी आत जाताना टक् असा आवाज येतो. संपूर्ण पकड त्या छोट्याशा उंचवट्यावर असते, पात्यावर नसते, आणि नसलीच पाहिजे. पात्याच्या बाजूंना म्यान घट्ट लागले तर प्रत्येक वेळी धार आणि पृष्ठभाग घासला जाईल, आत शिरलेला वाळूचा कण चरे पाडेल.

पकड किती हवी, हे आकड्यात सांगण्यापेक्षा करून पाहावे. दोरी हातात धरून म्यान सुरीसकट जोराने खाली हिसकायचे. अनेक वेळा. जमिनीवर उडी मारायची, गालिच्यावर कोलांटी घ्यायची, अर्थात आधी धारेऐवजी बोथट पाते घालून. सुरी जागची हलली तर उंचवटा पुन्हा तापवून दाबायचा. आणि मग उलटी परीक्षा घ्यायची. ओले हात, थंडीने बधिर बोटे, हातमोजे, आणि सुरी एका हाताने सुटते का? त्यासाठी म्यानाच्या तोंडाशी अंगठा टेकायला एक ओठ ठेवतात. मूठ चार बोटांत, अंगठा म्यानाच्या ओठावर. अंगठ्याने म्यान वर ढकलले की पकड तिथेच मोडते आणि सुरी हिसका न बसता खाली येते. हा ओठ नसेल तर माणूस सुरी ओढतो, आणि ओढलेला हात कुठे थांबेल ते त्याच्या ताब्यात नसते. मला कुणी गळ्यातली सुरी दाखवली की मी पाते पाहायच्या आधी हा ओठ शोधतो.

आता दोरी. इथे लोक सर्वांत निष्काळजी असतात. गिर्यारोहकांना आवडणारी पॅराशूटची दोरी ५५० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २५० किलोच्या ताणाला टिकते. मजबूत दोरी चांगली, असे वाटून लोक तीच गळ्यात बांधतात. पण गळ्यातल्या दोरीने तुटलेच पाहिजे. झुडपातून उतरताना ती फांदीत अडकली, यंत्राच्या फिरत्या भागात गेली, बोटीच्या खुंटीला गुंतली, तर २५० किलो सहन करणारी दोरी मानेचा विचार करणार नाही. लहान मुलांच्या जाकिटांच्या टोपीला असलेल्या नाड्यांबाबत अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, कारण अशा नाड्या घसरगुंडीत अडकून मुलांचे जीव गेले होते. तोच धोका मोठ्यांच्या गळ्यातल्या दोरीला आहे. म्हणून दोरीत ओढ बसताच सुटणारा प्लॅस्टिकचा जोड घालतात, किंवा सैनिकांच्या ओळखपट्ट्यांसारखी बारीक मण्यांची साखळी वापरतात. ती ओढ बसली की जोडापाशी निसटते. किती ओढीला सुटते हे साखळीगणिक बदलते, तेव्हा विकत आणलेली साखळी खुंटीला अडकवून स्वतः ओढून पाहावी.

खलाशाची दोरी सुरीला पडू देत नव्हती, आजच्या दोरीने पडू दिले पाहिजे. हा विरोध मुद्दाम सांगितला, कारण एकाच वस्तूच्या एकाच भागाने दोन ठिकाणी विरुद्ध वागणे बरोबर असू शकते. खलाशाला सुरी पडण्याचे भय होते. झाडीतून जाणाऱ्याला मान अडकण्याचे भय आहे.

दोरीची लांबीही महत्त्वाची आहे. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापाशी मूठ आली तर ती हाताला नीट सापडते. त्याहून खाली गेली तर बसल्यावर पोटात रुतते, वाकल्यावर पुढे झोके घेते आणि शेगडीवर किंवा भांड्यात जाते. त्याहून वर ठेवली तर टोक हनुवटीच्या फार जवळ येते. एकाच भोकातून दोरी ओवली तर म्यान स्वतःभोवती गिरक्या घेते आणि मूठ प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला सापडते. दोन भोके एकमेकांपासून लांब ठेवली तर ते छातीवर सपाट राहते. पडलो तर छातीखाली काय येईल हाही विचार इथेच करायचा. म्यानाच्या कडा गोल, रिवेटांची डोकी सपाट, आणि टोकापाशी म्यानाची भिंत पात्याच्या पलीकडे चांगली बोटभर गेलेली हवी.

एवढे ठरल्यावर मुठीकडे यायचे, आणि इथे लटकण्याच्या तासांचा आणि कापण्याच्या मिनिटांचा सरळ संघर्ष दिसतो. कापताना मूठ जाड, भरीव, चार बोटे मावणारी हवी. लटकताना ती पातळ, हलकी, आखूड हवी. बहुतेक रचनाकार तीन बोटांच्या मुठीवर थांबतात आणि उरलेली पकड युक्तीने मिळवतात. अॅलन फोल्ट्स या अमेरिकी कारागिराच्या मिनिमलिस्ट नावाच्या सुरीत मुठीला खोल खाचा आहेत, बोटे जागच्या जागी बसतात, आणि मुठीच्या शेवटी छोटी दोरी आहे. करंगळी आणि तळहात त्या दोरीवर दाबतात, म्हणजे मूठ वापरताना लांब होते आणि लटकताना मऊ राहते. फ्रान्सच्या फ्रेड पेरँ यांनी ला ग्रिफ या सुरीत पात्याच्या मागेच तर्जनीसाठी कडे ठेवले. बोट त्यात असेल तोवर मूठ धरली नसली तरी सुरी हातातून जात नाही. पेरूच्या जंगलात माणसांना जगण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या दोन अमेरिकनांनी काढलेली इझुला, तिथल्या भयंकर चावणाऱ्या मुंगीच्या नावाची, मुठीतला धातूच कोरून काढते. उरतो तो सांगाडा, वजन साठ ग्रॅमच्या आसपास. हा सांगाडा दिवसभर अंगावर जाणवत नाही, मात्र अर्धा तास लाकूड तासले तर तळहातावर त्याच्या कडा उमटतात. स्वीडनमधल्या, १८९१ साली सुरू झालेल्या मोरा सुऱ्यांच्या कारखान्याने एल्ड्रिस या सुरीत नेमके उलटे केले. पाते सुमारे सहा सेंटिमीटरचे, मूठ मात्र जाडजूड, रबराचा थर दिलेली. छातीवर ती फुगीर वाटते, हातात मात्र पूर्ण सुरीसारखी वागते. मी स्वतः एल्ड्रिसच्या बाजूचा आहे. गळ्यातल्या सुरीने अपघात होतो तो बहुधा लहान मूठ ओल्या हातात फिरल्यामुळे, आणि जाड मुठीचा छातीवरचा थोडा त्रास त्या मानाने कमी आहे.

आता पाते. इथवर आल्यावर पात्याबद्दल ठरवायला फारसे उरत नाही, आणि हेच मला दाखवायचे होते. लांबी म्यानाच्या लांबीने ठरली, म्यानाची लांबी छातीने. रुंदी मुठीइतकीच, कारण रुंद पाते म्यान रुंद करते आणि रुंद म्यान बरगड्यांना टोचते. जाडी दोन ते तीन मिलिमीटर पुरते. तीन बोटांच्या मुठीतून हाताचा सगळा जोर पात्यावर जात नाही, म्हणून पातळ आणि चांगले तासलेले पाते हवे, जे जोर न लावता कापते. जाड पाते करून त्यावर दगडाने ठोकायची स्वप्ने पाहू नयेत, या मुठीवर तो ठोका धरताच येत नाही. आकारात मी खलाशाच्या पात्याकडे झुकतो. सरळ धार आणि खाली आलेले नाक. फळ, दोरी, खोक्याची पट्टी, गळाची तार, पट्टीतले औषध यांतल्या कशालाही भाल्याचे टोक लागत नाही, आणि छातीपाशी बोथट नाकाचे पाते बाळगणे मनालाही निवांत वाटते.

पोलाद मात्र छातीनेच निवडायचे असते. घामात मीठ असते, आणि मिठातले क्लोराइड क्रोमियमयुक्त पोलादालाही बारीक खड्डे पाडते. १०९५सारख्या सुमारे एक टक्का कार्बनच्या पोलादाला उत्तम पाणी देता येते, सहाणेवर ते पटकन धारेवर येते, पण त्याला गंजापासून वाचवणारे क्रोमियम जवळजवळ नसते. त्यावर रंगाचा थर दिला तरी धारेची कड उघडी राहते. एच-१ किंवा एलसी२००एन या पोलादांत कार्बनची जागा मोठ्या प्रमाणात नायट्रोजनने घेतलेली आहे. ती समुद्राच्या पाण्यातही सहसा गंजत नाहीत. एच-१ची धार उच्च कार्बनी पोलादाइतकी टिकत नाही, पण लवकर बोथट होणारी स्वच्छ धार ही खड्डे पडलेल्या तीक्ष्ण धारेपेक्षा छातीवर बरी. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्याने, किंवा कोकणात नदीकाठी काम करणाऱ्याने, हा निर्णय दुसऱ्या कुणाच्या शिफारशीवर सोडू नये.

वापराबद्दल थोडेच पण नीट सांगायला हवे. काढणे सगळे शिकतात. परत ठेवणे शिकवले जात नाही, आणि जखमा तिथेच होतात. सुरी परत घालताना टोक वर, गळ्याच्या दिशेने जाते, म्यान शर्टाच्या घडीत असते, डोळे दुसरीकडे असतात. माझा नियम असा की सुरी परत ठेवताना म्यान गळ्यातून काढून हातात घ्यायचे, म्यानाचे तोंड डोळ्यांसमोर धरायचे, टक् आवाज ऐकायचा आणि मग पुन्हा गळ्यात. दोन सेकंद जादा जातात. दुचाकी चालवताना, झाडावर चढताना, फिरत्या यंत्रापाशी आणि झोपताना ती गळ्यात नको. सह्याद्रीत दोरावर चढणाऱ्यांना एक जादा कारण आहे. ताणलेल्या दोराला धार नुसती टेकली तरी तो तुटतो. छातीवर मोकळे झुलणारे पाते आणि तुमचा भार घेतलेला दोर यांची गाठ पडू देऊ नये. तिथे मिटणारी सुरी हार्नेसवर राहावी.

अमेरिकेत या सुऱ्या आत्मरक्षणाचे साधन म्हणून पुष्कळ विकल्या जातात. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या रचनेतच आहे. झटापटीत दोरी समोरच्याच्या हाती लागते. सुरी काढायला छाती मोकळी लागते, तीच त्या वेळी मोकळी नसते. आणि तीन बोटांची मूठ रक्ताने किंवा घामाने ओली झाली की पाते स्वतःच्याच बोटांवर येते. काम करणाऱ्या माणसाची ही सुरी आहे, आणि तिची खरी किंमत दोरी, फळ आणि गाठ यांच्यापाशी कळते.

कायदाही, नीट पाहिले तर, पात्याइतकाच बाळगण्याकडे पाहतो. कॅलिफोर्नियात स्थिर पात्याची सुरी कमरेला उघड्या म्यानात चालते, तीच शर्टाखाली गळ्यात लपवली की गुन्हा ठरतो. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्याप्रमाणे तीन इंचांपर्यंत पाते असलेली, मिटणारी आणि पाते लॉक न होणारी सुरी खिशात चालते, पण स्थिर पात्याची सुरी, कितीही छोटी असली तरी, सार्वजनिक ठिकाणी योग्य कारण दाखवल्याशिवाय चालत नाही. आपल्याकडे शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांच्या सुऱ्या येतात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाच्या सोडून. त्या मापाने गळ्यातली सुरी खूप लहान आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली निघणाऱ्या आदेशांत सुरी बाळगण्यावरही बंदी असू शकते, आणि असे आदेश शहरांत सणासुदीला, निवडणुकीला वारंवार निघतात. शिवाय विमान आणि मेट्रो यांच्या तपासणीत ती अडवली जाऊ शकते. काही शीख बांधव कृपाणाची लहान प्रतिकृती गळ्यात घालतात. त्यांचा विषय निराळा आहे. कृपाण धारण करणे हे शीख धर्माच्या आचरणात समाविष्ट असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद २५च्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. इतरांनी गळ्यातली सुरी रानात, शेतात, बोटीवर घालावी आणि गावात शिरताना सॅकच्या तळाशी ठेवावी.

राहिला प्रश्न की हे सगळे एखाद्याला स्वतः करून पाहायचे असेल तर सुरुवात कुठून करायची. लोहाराकडे जायच्या आधी. सागाच्या फळीचा तुकडा घ्यावा, हव्या त्या मुठीचा आणि पात्याचा आकार कापून काढावा, आत शिशाचे तुकडे बसवून वजन अंदाजे साठ ग्रॅमपर्यंत आणावे. त्याभोवती कायडेक्स किंवा जाड चामडे बसवावे, सुटणारा जोड असलेली दोरी ओवावी, आणि हे लाकूड रोजच्या कपड्यांत, रोजच्या कामात घालून फिरावे. जिना चढताना, जेवायला बसताना, भांडी घासताना, मुलाला उचलून घेताना. लाकूड कुठे टोचते, कुठे फिरते, केव्हा निसटते, हे ते सांगत जाईल, आणि दर वेळी पटाशीने थोडे तासावे, दोरी बोटभर आखूड किंवा लांब करावी, ओठ पुन्हा तापवून दाबावा. लाकूड तासायला काही मोजावे लागत नाही, पोलाद तासायला मोजावे लागते. एखाद्या दिवशी संध्याकाळी आंघोळीला जाताना ते गळ्यात असल्याचे हाताला लागल्यावरच कळले, तर तो आकार कागदावर उतरवून लोहाराला द्यावा आणि पोलाद कोणते घ्यायचे ते तेव्हा बोलावे.